टोचलेलं उठेपर्यंत

"स्मॉलपॉक्स," डॉक्टर म्हणाले. आमच्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं असावं, म्हणून लगेच मराठीत सांगितलं, "देवी आल्यात. घर बंद करावं लागेल."

आतल्या खोलीत माझा नवरा घोंगडीवर पडला होता. तीन दिवस अंग भट्टीसारखं तापलं होतं, कंबर मोडून पडत होती, आणि ताप जरा उतरला म्हणून आम्ही हुश्श केलं तोवर कपाळावर आणि मनगटांवर दाणे दिसले. डॉक्टरांनी खिडकीची फळी उघडायला लावली, वाकून एक दाणा बोटाने दाबून पाहिला. तो आत टणक लागतो, कांजिण्यांचा तसा लागत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. तुमच्या घरी कधी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते.

नवऱ्याचं नाव दामोदर. त्या काळी मी ते तोंडाने घेतलं नसतं, पण नुसतं 'हे, हे' लिहीत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. आमचं घर पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला होतं. दामोदर मिठागरावर काम करायचे. मिठाचा हंगाम ऐन भरात होता, आगरात मीठ ओढायला आलं होतं, आणि ते सोडून हा माणूस घरी पडलेला. मिठागरावर बाहेरगावचे दोन मजूर आजारी पडून गेल्याचं नंतर कानावर आलं. तिथूनच हे आलं असणार.

घरात चौघंच. दामोदर, त्यांची आई, मी आणि आमची पाच महिन्यांची चिंगी. सासूला मीसुद्धा आयच म्हणायची. डॉक्टरांनी एकेकाची विचारपूस केली. आयला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, तिचा चेहराच साक्ष देत होता. मला शाळेत टोचलं होतं, दंडावर चार वण होते, ते मी दाखवले. "बाळाला?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आय म्हणाली, "टोचलंय. चावडीवर नेलं हुतं."

खरंच नेलं होतं. मीच नेलं होतं. तेव्हा डॉक्टर निवांत झाले आणि त्यांनी घराची वाटणी करून दिली. आयला पुन्हा देवी येणार नाहीत, तेव्हा आतल्या खोलीत तिनेच जायचं. मी चिंगीला घेऊन ओटीवर राहायचं. आम्हा चौघांपैकी कुणीही कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि बाहेरच्याने आत यायचं नाही. दामोदरच्या अंगावरची शेवटची खपली गळून पडेपर्यंत हे असंच. याला ते आयसोलेशन म्हणाले, म्हणजे रोग्याला वेगळं ठेवणं. रोगी एक आणि वेगळे पडलो चौघं, पण असो.

आयने दारावर कडुलिंबाच्या डहाळ्या लावल्या आणि घरात देवीचे नेम सुरू झाले. फोडणी द्यायची नाही. मासळी तर नावालाही नाही. कांडण बंद, दळण बंद, सुई-दोरा बंद, केस विंचरायचे नाहीत. माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी. दोन घटका एका जागी बसले तर माझी आई विचारायची, बरं नाही का म्हणून. त्या मला आता हाताला काही म्हणता काही काम नव्हतं. ओटी आठ पावलांत संपायची. मी चिंगीला खांद्यावर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि परत फिरायची. शेवटी आय आतून ओरडली, "शेवंते, बस जरा! घर हालतंय."

मधे कुडाची भिंत. पलीकडे दामोदर कण्हायचे, आणि मला नुसतं ऐकत बसावं लागायचं. मी विचारायची, "पानी द्याला सांगू का?" ते म्हणायचे, "नको." घशातही फोड आले होते, एवढं बोलणंही जड जायचं. आणि आय त्यांच्याशी मुलगा म्हणून बोलतच नव्हती. देवी अंगात आलेला माणूस म्हणजे देवीच, म्हणून ती हात जोडून म्हणायची, "माय, शांत हो. माय, दहीभात घे." माझ्या नवऱ्याला कुणी माय म्हणतंय आणि तो आ करून भात गिळतोय, हे ऐकून मला हसू यायचं. मग भीती वाटायची, की या घरात माझा नवरा उरलाय की नाही.

शेजारची पारूवैनी विहिरीचं पाणी भरून कुंपणापाशी ठेवायची. हंडा टेकवला की मागे न बघता निघून जायची. पहिल्या दिवशी मला तिचा राग आला. पण रोज आमच्या वाटचं पाणी ओढणारी तीच एकटी होती, बाकी आळीने आमची वाटच सोडली होती.

डॉक्टर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी अशीच काही सुचेना म्हणून बसले होते. चिंगीला अंगडं काढून मांडीवर निजवलं होतं. उगीच माझ्या दंडावरचे वण मोजले. चार. मग तिचा दंड पाहिला. एकही नव्हता. डावा पाहिला, उजवा पाहिला, उजेडात नेऊन पाहिला. कातडी लोण्यासारखी गुळगुळीत.

तोवर मला वाटत होतं की सगळ्यांनाच वण राहतात असं नाही. टोचल्यावर चिंगीला ताप आला नव्हता, तेव्हा शेजारणी म्हणाल्या होत्या की पोर सोसणारी आहे. मीही कौतुकाने ऐकून घेतलं होतं. पण डॉक्टरांनी माझे वण किती बारकाईने पाहिले होते ते आता डोळ्यांपुढे आलं.

"आय," मी हाक मारली. "हिच्या हाताव वण का नाय?"

आय दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात कडुलिंबाची डहाळी होती.

"मी पुसलं," ती म्हणाली. "चावडीवरून आली तवाच. तू पान्याला गेलीस, मी लिंबू चोलून धुवून काढलं."

"आनि टोचल्याव आठवड्यानं डॉक्टर हात तपासाला आला हुता तवा?"

"पोर आजोली गेली म्हून सांगितलं."

मी किंचाळलेच. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूला असं बोलणारी सून त्या काळी घराबाहेर काढली असती, पण आमच्या घराचं दार बंद होतं. आय सगळं ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, "माजा पयला पोर हुता. दामाच्या आदीचा. त्याला टोचलं, हात सुजला, पू झाला, आनि गेला. लोक बोल्ले, देवीचं काम मानसानं केलं म्हून ती कोपली. तवापासून मी कुनाचंच राहू दिलं नाय."

"कुनाचंच?"

तिने मान खाली घातली. आतल्या खोलीत तिचा दुसरा मुलगा कण्हत होता. त्या दोन्ही गोष्टी तिने त्याच क्षणी एकमेकींना जोडल्या असाव्यात, कारण ती एकदम खाली बसली.

माझ्याकडे तिची समजूत काढायला वेळ नव्हता. मी कुंपणाकडे धावले आणि पारूवैनीला हाका मारल्या. ती आली, ऐकलं, आणि दोन पावलं मागे सरली. "देवी घरात बसलेली हाय आनि तू टोचाला बोलावतेस? मी नाय बाय जायाची. माजीपन पोरं हायेत." आमच्याकडे तेव्हा हीच समजूत होती. देवी घरात असताना टोचून घेणं म्हणजे पाहुणी बसलेली असताना तिचा अपमान करणं. मग ती ज्याच्या अंगात आहे त्याला घेऊन जाते.

मी रडत होते, पारूवैनी मान हलवत होती. तेवढ्यात माझ्यामागून आयचा आवाज आला.

"पारू, जा. म्हातारीनं बोलावलंय म्हून डॉक्टरला सांग. जे व्हयाचं ते माज्याव."

पारूवैनी आयपुढे कधी बोलली नव्हती. ती गेली.

डॉक्टर येईपर्यंत मला धीर नव्हता. उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. आय मात्र आत दामोदरच्या पायाशी जाऊन बोलत होती, आणि या वेळी हात जोडल्यासारखा आवाज नव्हता. "कोपाचं तं माज्याव कोप. मी पुसलं, मीच बोलावलं. पोराचा काय दोष नाय, पोरीचा नाय." मला तेव्हा उमगलं की आय काय करत होती. माझ्या मते मी माझ्या मुलीला वाचवत होते. तिच्या मते ती नातीसाठी पोटच्या मुलाला पणाला लावत होती.

डॉक्टर रागावले नाहीत. लहान पेटी उघडून त्यांनी एवढंच सांगितलं, की रोगाचं विष अंगात शिरलं असलं तरी लस अजून त्याच्या पुढे पळू शकते, पण उशीर होता कामा नये. आजचा दिवस हातात आहे, उद्याचं सांगता येत नाही. "बाळाला घट्ट धरा," ते म्हणाले. मला ते जमेना, तेव्हा त्यांनी आयकडे पाहिलं. आयने हात धुऊन चिंगीला मांडीवर घेतलं, तिचा दंड दोन्ही हातांनी धरला, आणि चिंगीने टाहो फोडला तरी सोडला नाही.

डॉक्टर गेल्यावर तिने पोर माझ्या हाती दिली. "आता हिला माज्याकडं देऊ नको," ती म्हणाली. "दामाचं जास्ती झालं तं मी पुन्ना पुसीन, माजा भरवसा नाय."

आणि दामोदरचं जास्तीच झालं. दाणे पाण्याने भरले, मग पुवाने. चेहरा ओळखू येईना, पापण्या चिकटून गेल्या. ते बरळू लागले, आगरात पाणी शिरलंय, बांध फुटलाय, असं काहीबाही. आय तिच्या जागेवरून हलली नाही. अधूनमधून ओटीच्या दारापर्यंत यायची, चिंगीकडे बघायची आणि हात पाठीमागे बांधून परत जायची. ते हात पाठीमागे घेणं मी कधी विसरणार नाही.

मी दर थोड्या वेळाने दंड पाहत होते, कारण टोचलेल्या जागी फोड उठला तरच लस लागली म्हणायची. काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. डॉक्टर कुंपणाबाहेरून म्हणाले, "सारखं पाहून ते लवकर उठत नाही, बाई." मला राग आला. त्यांना काय जातंय बोलायला! मग एका सकाळी लाल ठिपका दिसला. तो वाढला, त्याला पाणी धरलं, भोवती लाली आली आणि चिंगी तापली. पोरीला ताप आला म्हणून आनंदाने नाचलेली आई तुम्ही पाहिली नसेल. मी भिंतीपाशी जाऊन ओरडले, "आय, उठलं! हिचं उठलं!" आतून आयचा हुंदका ऐकू आला.

तरी जिवाला स्वस्थता नव्हती. लस आधी पोचली की रोग, हे कळायला आणखी दोन आठवडे वाट पाहायची होती. त्यात एका सकाळी चिंगीच्या पाठीवर बारीक पुरळ उठलं. मी पारूवैनीला हाक मारली. डॉक्टर आले, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "घामोळं आहे. दोन-दोन अंगडी कशाला घातलीत हिला एवढ्या उन्हाळ्यात?" मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

दामोदर वाचले. हळूहळू फोड वाळले, खपल्या धरल्या, ताप गेला. चेहऱ्यावर खड्डे राहिले आणि डाव्या डोळ्याने पुढे कायम धूसरच दिसलं. तळपायाच्या शेवटच्या खपलीने पडायला फार दिवस घेतले. मग खपल्या आणि घोंगडी जाळली, कपडे उकळले, भिंतींना चुना दिला, आणि डॉक्टरांनी मोकळं व्हा म्हणून सांगितलं. मी चिंगीला घेऊन आतल्या खोलीत गेले.

त्यांनी तिला मांडीवर घेतलं. उजव्या डोळ्याने निरखून पाहिलं. "हे हाताव काय?" त्यांनी विचारलं.

मी आयकडे पाहिलं. ते सांगणं माझं नव्हतं. आय पुढे झाली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पहिला मुलगा, लिंबू, चावडी, काही लपवलं नाही. "तुजं पुसलं म्हून तुला झालं," ती म्हणाली. "हिचं पुसलं हुतं, पन मंग पुन्ना टोचून घेतलं."

चेहऱ्यावरच्या खड्ड्यांवरून दामोदरांनी एकदा हात फिरवला. आईला घराबाहेर काढणारी मुलं मी पाहिली आहेत.

"मंग आय," ते म्हणाले, "मला आता टोचाची गरज नाय ना? मला सुईची लय भीती वाटते."

आय मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. मी हसत होते की रडत होते ते मलाच कळेना. चिंगी मात्र बापाच्या नाकाला धरून लोंबकळत होती.

पुढे मी बालवाडीत लागले. मुलांना टोचायला डॉक्टर आले की ज्या आया काचकूच करत, त्यांना मी ही हकीकत सांगायची. टोचल्यावर आठवड्याने दंड स्वतःच्या डोळ्यांनी बघा, दुसऱ्याच्या शब्दावर राहू नका, हेही सांगायची. त्या विचारायच्या, मग सासूला काय शिक्षा केलीत? मी म्हणायची, तिचे उपकार आहेत माझ्यावर. त्यांना ते पटायचं नाही. पण मी डॉक्टरांना बोलावलं तेव्हा मला काही गमवायचं नव्हतं. आयला वाटत होतं की आपला मुलगा जाणार, आणि तरी तिने चिंगीचा दंड घट्ट धरून ठेवला.