शनिवारचा रकाना

डॉक्टर सिपोरांचं आडनाव पेणकर, घर मात्र रोह्याला. आठवड्यातले तीन दिवस दवाखाना पेणला रामवाडीत, दोन दिवस रोह्यात. पेणकर रोह्याला कसे आले असं कुणी विचारलं की त्या सांगत, "एसटीनं." घर यहुदी, म्हणून शनिवारी दवाखाना बंद. आजोबांचा तेलाचा घाणाही शनिवारी बंद असे, आणि गावानं त्यावरून घराला 'शनिवार तेली' असं नावच देऊन टाकलं होतं. घाणा गेला, बाकीचे नातेवाईक समुद्रापलीकडे गेले, सुट्टी तेवढी राहिली.

मुलांच्या अ‍ॅलर्जीचं शिक्षण घेऊन त्या मुंबईहून परतल्या तेव्हा पेणमध्ये अ‍ॅलर्जी नव्हती. पित्त उठत असे, दृष्ट लागत असे, काहीबाही गरम पडत असे. ही अ‍ॅलर्जी बाईंनीच आणली, असं एका जुन्या डॉक्टरांचं ठाम मत होतं. पहिल्याच वर्षी मिठागरात काम करणारा काळुराम आपल्या मुलीला घेऊन आला. तिच्या अंगभर चट्टे होते. बाईंनी रंगीत गोळ्या आणि बर्फाचे गोळे बंद करायला सांगितले. तीन आठवड्यांनी काळुराम हजर.

"चट्टं गेलं, बाय. पन पोर एका जागी बसाया बी लागली. ह्ये औषध कुटलं?"

औषध बाईंनी दिलंच नव्हतं. काळुरामच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुढची बावीस वर्षं गेली.

पद्धत साधी होती. शंभरपानी वही, दोन रकाने. डावीकडे मुलानं काय खाल्लं, उजवीकडे मूल कसं वागलं. आईला ताकीद एकच: "सगळं लिहायचं. चोरून खाल्लेलंसुद्धा. मी रागावणार नाही." बाई रागावत, पण आई गेल्यावर. कपाटात अशा एकशे त्रेचाळीस वह्या होत्या. त्यांवरून दोन निबंध छापून आले. काही मुलांना काही रंग काही प्रमाणात बाधत असावेत आणि आणखी अभ्यास व्हायला हवा, असा त्यांचा निष्कर्ष होता. या वाक्याला अकरा वर्षं लागली होती.

मग वरसे गावची किमया आली. वय सहा, इयत्ता पहिली. बाकाचा उपयोग बसण्यासाठी करतात हे तिला मान्य नव्हतं. एप्रिलअखेर सुधारणा दिसली नाही तर जूनपासून दुसरी शाळा बघा, असं मुख्याध्यापिकांनी सांगून ठेवलं होतं. तिची आई नम्रता कंपनीत शिफ्टमध्ये काम करायची. तिच्यासारखी वही बाईंनी आजवर पाहिली नव्हती: वेळ, वाट्या, चमचे, सगळं. डावा रकाना धुतल्यासारखा स्वच्छ. उजव्या रकान्यात सोमवार ते शुक्रवार हळूहळू शांत होत जाणारी पोरगी, आणि दर शनिवारी संध्याकाळी मात्र 'उड्या', 'आरडाओरडा', एकदा 'आजीला चावली'. नऊच्या नऊ शनिवार.

"मी काही लपवत नाही हो बाई," नम्रता म्हणाली. "साधं बिस्कीट दिलं नाही. शाळेनं काढलं तर हिला घेणार कोण?"

बाईंचा तिच्यावर विश्वास होता. अडचण तीच होती. वही खरी आणि बावीस वर्षांचा समजही खरा, हे जमत नव्हतं. शनिवारी आई कामावर असते म्हणून पोर बिथरत असेल, अशी शंका त्यांनी पेन्सिलनं लिहिली आणि खोडली नाही. एप्रिल संपायला चार आठवडे होते.

त्याच आठवड्यात, शनिवारी, बाईंची परदेशात वाढलेली भाची शीरा पहिल्यांदा रोह्याला आली, म्हणून संध्याकाळी घरी मलिदा केला: पेणचे पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, फळं, आणि वर प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावानं दुआ. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या इझिकेलमामांनी दोन बशा संपवल्या. मामांना मधुमेह, म्हणून त्यांनाही वही लागली होती. सकाळी बाईंनी ती तपासली. 'चहा बिनसाखरेचा. दुपारी दोन भाकऱ्या, मेथी. संध्याकाळी काही नाही.'

"मामा, मलिदा कुठाय?"

"संपला."

"वहीत कुठाय?"

"सिपू, तो खाल्ला कुठं? तो घेतला. दुआ म्हटलेलं कुणी खाण्यात मोजतं होय?"

भांडायचं म्हणून बाईंनी स्वतःची वही उघडली. आयांना सांगायचं ते आधी स्वतः करायचं, म्हणून त्यांचीही वही होती, पहिल्या वर्षापासून. कालच्या पानावर मलिदा नव्हता. मागच्या वर्षी केला होता, त्या दिवसाच्या पानावरही नव्हता. किमयाच्या वहीतले नऊ शनिवार त्यांना आठवले. मग त्यांनी स्कूटर काढली.

वरशाला किमयाची आजी, बायजाबाई, ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

"आजी, शनिवारी किमया कुठं जाते?"

"मारुतीला, माज्यासंगं. कवा चुकत नाय."

"तिथं काय खाते?"

"देवलात कोन खातंय गो बाय?"

"प्रसाद?"

"परसाद घेतंय की. बुंदी, द्रोनभर. माजा बी तिलाच देतंय."

"रंग कसला?"

"बुंदीला रंग कसला असतंय? केशरी." म्हातारीचा हात सुकटीतच थांबला.

दारात उभ्या नम्रताचा चेहरा उतरला. "प्रसाद कसा लिहिणार, बाई? डोक्यातच आलं नाही."

"मीही नाही लिहीत," बाई म्हणाल्या.

पुढचं बोलणं त्यांनी वाटेत जुळवून आणलं होतं. त्याऐवजी त्यांनी सुकटीचा भाव विचारला. ज्यांच्या देवाच्या प्रसादाबद्दल बोलायचं, त्यांच्याच ओट्यावर त्या बसल्या होत्या. शेवटी बायजाबाईलाच त्यांची दया आली.

"परसादाला नाय म्हनायचा नसतंय."

"नाही म्हणायचंच नाही."

"पन देवाला काय द्याचा, त्ये आपल्या हातात हाय."

पुढच्या शनिवारी तिनं खोबरं-साखर नेली आणि नातीच्या हातावर तीच ठेवली. पुजाऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, "मारुतीला डाक्टरनीनं पथ्य सांगलंय." मारुतीकडून तक्रार आली नाही.

पहिल्या शनिवारी उजव्या रकान्यात 'उड्या कमी' होतं. दुसऱ्या शनिवारी, 'चित्र काढलं'. तिसऱ्या शनिवारचा रकाना कोरा दिसला तेव्हा बाई घाबरल्या.

"काही झालंच नाही बाई, काय लिहू?" नम्रता म्हणाली.

शाळेनं किमयाला ठेवून घेतलं, पण पहिल्या बाकावर, वर्गशिक्षिकेच्या नजरेसमोर. तीन शनिवारांवरून काहीच सिद्ध होत नाही, हे डॉक्टरांनी नम्रताला दोनदा सांगितलं. तिनं दोन्ही वेळा मान डोलावून त्यांना पेढे दिले, पांढरे. एकशे त्रेचाळीस वह्यांत एकही प्रसाद नाही, म्हणजे अकरा वर्षांचं ते वाक्य पुन्हा तपासायला हवं, असं पत्र बाईंनी निबंध छापणाऱ्यांना पाठवलं. नव्या वह्यांत तीन रकाने आखले. मधल्याचं नाव 'घेतलं'.

जूनमध्ये किमया गणवेशात दवाखान्यात आली, मागून आजी. पोरीनं मुठीतली ओलसर खोबरं-साखर बाईंच्या हातावर ठेवली. बाईंनी ती घेतली. किमया तिथंच उभी.

"लिहा," ती म्हणाली.

बाईंनी ड्रॉवरमधून स्वतःची नवी वही काढली, तारीख घातली, मधला रकाना शोधला. सवयीनं त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. शेवटचं अक्षर होईपर्यंत, चांगलं दीड मिनिट, पोरगी जागची हलली नाही.