पुरं नाव घ्या, मग आत येते

माझ्या बायकोच्या भाचीइतकी हट्टी बाई राहुरीपासून देवळाली प्रवरापर्यंत दुसरी सापडायची नाही. सापडली तर मी मिशा उतरवीन. पन्नाशीची बाई, नातवंडं झाली, सून आली, पण अर्ध्या नावानं हाक मारली तर ओ देत नाही. आग लागली म्हणून ओरडलात तरी आधी नाव पुरं घ्यावं लागेल. आणि नाव काय, तर मोगरावती.

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. तेवढ्यात असलं नाव हजेरीला कधी ऐकलं नाही. हे नाव आमच्या मंडळींच्या आजीच्या गोष्टीतलं. त्या गोष्टीतली राजकन्या हसली की तोंडातून मोगऱ्याची फुलं पडायची. मेव्हण्याला पहिली मुलगी झाली तेव्हा थोरल्या माणसांनी मंगल नाव ठरवलं होतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे आमची मंडळी, तेव्हा स्वतःच पोरसवदा, नुकती माझ्या घरी आलेली. ती पाळण्यावर वाकली, कानात कुर्रर्र केलं, बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि उठली ती "मोगरावती" म्हणतच. मेव्हणा उखडला, "अगं, हे काय नाव हाय? म्हशीला तरी ठेवतं का कुनी?" ही म्हणाली, "दादा, कानात गेलं. आता काढायचं कसं?" मी आपला घुगऱ्या खात होतो.

पोर वाढली ती काळीसावळी, राठ केसांची, आणि आवाज असा की शेजारच्या मळ्यातली पाखरं उठावीत. शाळेतली पोरं तिला मोगरी म्हणायची, म्हणजे धुणं बडवायचा दांडका. त्यातल्या दोघांना तिनं बडवून दाखवलंही. पण गोष्टीवर तिचा विश्वास होता. कुठं हसली की लगेच खाली बघायची, फुलं पडली का म्हणून. एरवी काही नसायचं, पण सुट्टीत आमच्याकडं आली की पडलेली असायची. कारण आमच्या दारात मोगरा होता आणि आत्याच्या मुठीत कायम दोन कळ्या. पोर हसली की ही मागून हळूच सोडायची. मी म्हणायचो, "कशाला पोरीला येडं करती?" तर म्हणे, "तुमचं काय जातंय?" एकदा आत्या विहिरीवर गेलेली, आणि पोर माझ्यापुढं येऊन उभी. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. "मामा, बघा हां, मी हसते!" आणि लागली हसायला. हसून हसून दम लागला, फूल काही पडेना. रडायच्या बेताला आली तेव्हा मी म्हणालो, "आज बाजार बंद हाय." ते तिला पटलं.

लग्नात तर कहर. सासरच्यांनी नवं नाव काढलं होतं सुनीता. ताटात तांदूळ पसरलेले, नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहिलं. ही पदराआडून वाकून बघते काय, आणि सरळ हात घालून तांदूळ सारखे केले. "दुसरं लिवा." सासू म्हणाली सुरेखा लिही. त्यानं लिहिलं, हिनं पुन्हा हात फिरवला. नवरदेव गरीब, त्याला घाम फुटला. शेवटी हिनं त्याच्या हातातली अंगठी घेतली आणि स्वतःच लिहिलं. नाव एवढं लांब, ती शेवटची 'ती' ताटाच्या काठावर गेली. मी बायकोकडं बघितलं, तर ती पदरात तोंड घालून हसत होती.

देवळालीत तिच्या सासरी दारात दोन गाई आहेत. डेअरीवरचा माणूस सुरुवातीला "मोगराबाई" अशी हाक द्यायचा. ही किटली घेऊन ढिम्म. मागं रांग तटलेली. "अहो बाई, तुमालाच!" "मला? मग माझं नाव घ्या की." दूध नासायला लागलं तेव्हा रांगेतली माणसंच ओरडली, "बाबा, घे त्या माउलीचं नाव!" आता तो तिला लांबून बघूनच आरती म्हटल्यासारखं नाव घेतो.

आमच्याकडं यायची तरी तीच तऱ्हा. फाटकाशी येऊन उभी राहणार, हाक मारणार नाही, कडी वाजवणार नाही. बायकोला कसं कळायचं देव जाणे. स्वयंपाकघरातून सांडशी हातात घेऊनच दारात यायची आणि ओरडायची, "मोगरावतीऽ, ये गं माझे बाई!" मग स्वारी आत. मी ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. माझं आपलं "ए पोरी".

गेल्या थंडीत आमची मंडळी देवाघरी गेली. दहाव्या-तेराव्याला घर माणसांनी भरलेलं, कोण कसं आत आलं कुणी बघितलं नाही. सगळे पांगल्यावर एका दुपारी ही एकटी आली, हातात डबा. फाटकाशी उभी. मी ओसरीत बाजेवर.

"ये की," म्हणालो. हलली नाही.

"ए पोरी, ऊन लागंल."

नाही.

मग माझं डोकं फिरलं. "येडी का खुळी तू? आत कोन हाय आता तुला हाक मारायला?"

माझ्या तोंडाला मुळातच लगाम नाही. तिनं माझ्या मागं, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. डोळे भरले, पण पाय जागचा उचलला नाही.

"मामा, सासरची नाव घेत्यात ती माझ्या धाकानं घेत्यात. मायेनं घेनारी एकच हुती. आता तुमी न्हाई घेतलं, तर हे नाव संपलं."

मी उठलो. मंडळी उभी राहायची तिथं, चौकटीला धरून उभा राहिलो. घसा खाकरला. नाव लांब आहे, निम्म्यावरच आवाज फाटला. मग पुन्हा पहिल्यापासून घेतलं, "मोगरावती, ये गं." पुढचं 'माझे बाई' काही जमलं नाही.

ती आली. डबा ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "मामा, लई बेक्कार हाक मारता तुमी." आणि हसली. हसली आणि सवयीनं खाली बघितलं. ओसरीची फरशी कोरडी होती. दारातला मोगरा पाण्यावाचून वाळत आला होता, त्याची कुणाला आठवण राहिली नव्हती. आता मी रोज कळशी घालतो. पालवी धरली आहे, कळी अजून नाही.

राहुरीच्या बाजाराला आली की अजून ती फाटकाशी येऊन उभी राहते. मला दिसते. पण मी लगेच हाक मारत नाही, जरा थांबतो. तीही घाई करत नाही. दोघांचाही कान स्वयंपाकघराकडं लागलेला असतो. मग मी उठतो.