तासायचा राहिलेला बोरू

गाव सोडलं त्या दिवशी एस.टी. येऊन उभी राहिली तरी सगुणा घरातनं निघेना. पटाशी-करवतीची सुतारकामाची पेटी टपावर चढवून मी खाली उतरलो, तरी बाईचा पत्ता नाही. आमची आई रस्त्यातच करवादली, "कंडक्टर थांबंल व्हय तुझ्या बायकोसाठी?" मग ती आली. काखेत गाठोडं आणि बुचड्यात खोचलेला बोरू, शाईत बुडवून लिहायचा. ओढ्याकाठची काडी कापून तिच्या बापानं करून दिलेला, वीतभर लांब. एवढ्यासाठी ती उतरंडीमागं हात घालून बसली होती.

मी चारचौघांत बोललो, "तिथं काय तलाठीण होणार हाईस का?"

"तुमी पटाशी घेतली, मी काय म्हणलं का?"

सगुणा माझी बायको. चौथी शिकलेली, पण गाणी करायची. मी दुसरीतनं पळालेला. हे लिहिलंय त्यातल्या चुका आमच्या लेकीनं, बेबीनं, काढल्यात.

नेरूळला तेव्हा होतं काय? चिखल, खाडीचा वास आणि उभ्या सळया. मी सेंट्रिंगचं काम धरलं, म्हणजे स्लॅब टाकायच्या आधी खालून फळ्या ठोकायच्या. साइटवरच पत्र्याची खोली. आता त्याच बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन मलाच विचारतो, "बाबा, किधर जाना है?"

गाणं तिच्या तोंडातच व्हायचं, भांडी घासताना. पुरं झालं की वहीत बोरूनं उतरवायची. कधी एखादं गाणं पुरं व्हायच्या आधीच लिहायला बसायची, धीर नसायचा. जयंतीला विहारात बाया तिची गाणी म्हणायच्या. मी एकदा बॉलपेन आणून दिलं. म्हणाली, "ह्येला दाबावं लागतंय, तवर गाणं पळून जातंय."

टोक बसलं की हाक यायची, "अवं, तासून द्या." तिरका काप, मधोमध बारीक चीर. पटाशी जरा जास्त लागली की ओरडायची, "दार न्हाई ते! हळू." मी म्हणायचो, तुझ्या गाण्यापायी माझ्या पटाशीची धार जाती. पण खरं सांगतो, दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाल्ल्यावर ते एक काम गोड लागायचं. वीतभराचा बोरू असा माझ्याच हातानं कमी कमी होत बोटाएवढा झाला.

तिनं कशावर गाणी केली नाहीत? पाण्याच्या टँकरवर केली, मुकादमावर केली, माझ्या घोरण्यावरसुद्धा केली. तेवढं गावावर केलं नव्हतं. म्हणायची, आठवलं की रडू येतंय, रडून लिहिता येत न्हाई. शेवटी ते धरलं. चार ओळी उतरल्या. पाचवीच्या पहिल्याच अक्षराला टोक फुटलं, शाई पसरली.

"अवं, तासून द्या."

दुसऱ्या दिवशी स्लॅब होता, अंग मोडून आलं होतं. मी म्हणालो, "उद्या देतो. मरत न्हाईस एवढ्यात."

दुसऱ्या दिवशी स्लॅबवरच निरोप आला. भांडी घासता घासता ती कलंडली होती. मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. नेरूळला रेल्वे यायच्या आधीची ही गोष्ट. पाचवी ओळ तिच्या तोंडात होती. ती काय होती, हे मला आजवर कळलं नाही.

आता गावाकडनं पुतण्याचं, मिलिंदचं, पत्र आलंय. विहारात काचेचं कपाट केलंय म्हणे. 'काकूचा बोरू द्या, गावची वस्तू गावात पाहिजे.' बेबी म्हणते, "द्या बाबा. फक्त टोक नीट करून द्या, चांगलं दिसेल."

मिलिंदा, वह्या सगळ्या घेऊन जा. गावाच्या त्या चार ओळीपण घेऊन जा, त्या तुमच्याच आहेत. पसरलेलं अक्षर कुणी खोडू नका. बोरू मात्र मिळणार नाही. तो पटाशीशेजारी ठेवलाय, फुटक्या टोकाचा, तसाच. पटाशीला मी अजून धार लावतो. बोरूला लावायची हिंमत होत नाही.

पत्रात तुम्ही विचारता, घरी कधी येता? गावात आई नाही, इथं सगुणा नाही. हक्कानं हाक मारून काम सांगणारं माणूस जिथं असतं, त्यालाच मी घर समजत आलो. तिनं सांगितलेलं एक काम माझ्याकडं राहिलंय. ते राहिलंय तोवर मी घरीच आहे.