प्रतिमाने गाळलेली वाक्यं

प्रतिमाला अमेरिका फक्त कानांनी माहीत होती. निपाणीहून लग्न होऊन ती बंगळुरात आली, तेव्हा तिच्याजवळ बेळगावच्या कॉलेजातली बी.एस्सी. होती आणि टायपिंगला सरावलेली बोटं. शिवाजीनगरात एका बेकरीच्या माडीवर अमेरिकन डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायला शिकवणारा वर्ग चालायचा. तो तिने केला आणि मारतहळ्ळीच्या एका ऑफिसात चिकटली. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. दाबलं की आवाज पुढे सरकायचा, सोडलं की थांबायचा.

वर्षभराने तिला दुसरं गिऱ्हाईक दिलं. ओहायो राज्यातल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चांची प्रवचनं रेडिओवर लावणारी ती एक संस्था होती. रविवारचं प्रवचन सोमवारी बंगळुरात यायचं आणि ते शब्दाला शब्द कागदावर उतरवून पाठवायचं. प्रतिमाच्या वाट्याला आलं मिलर्स फोर्ड नावाच्या गावातलं चर्च आणि तिथले पाद्री एल्विन ग्रेडी.

सुरुवातीला ग्रेडींचं इंग्रजी तिच्या डोक्यावरून जायचं. ते अर्धे शब्द खायचे, मधेच थांबायचे, घसा खाकरायचे. शब्द शोधतायत की हुंदका गिळतायत, काही कळायचं नाही. पण हळूहळू कान बसला. काचेचा कारखाना बंद पडून घरी बसलेली माणसं, मूतखड्याच्या ऑपरेशनला निघालेली कुणी मार्था, तिच्या घरी रोज कुणी जेवण पोचवायचं, असं सगळं ते देवाच्या गोष्टींच्या अध्येमध्ये सांगत जायचे. प्रतिमाला निपाणीच्या मठातले स्वामी आठवायचे. तेही असेच, पुराण सांगता सांगता कुणाच्या गाईला वासरू झालं ते विचारणारे.

मुलगी भव्या तीन वर्षांची असताना प्रतिमाचा नवरा गेला. देवनहळ्ळीला नव्या विमानतळाचं बांधकाम चाललं होतं, तिथे नागराज वायरिंगच्या कामावर होता. मागे येणाऱ्या लॉरीने त्याला भिंतीशी दाबलं. तेरावा झाला, नातेवाईक आपापल्या गावी परतले आणि प्रतिमा कामावर आली. आल्या आल्या ग्रेडींचं प्रवचन समोर होतं. त्यांच्या मुलाला जाऊन त्या आठवड्यात वर्ष झालं होतं. ग्रेडी म्हणत होते, "देवाने हे का केलं, मला माहीत नाही. आणि जो कुणी म्हणेल की त्याला माहीत आहे, त्याच्यापासून जरा लांबच राहा."

प्रतिमाने पेडलवरचा पाय काढला. नागराजच्या मरणानंतर इतक्या लोकांनी तिला इतकं काही ऐकवलं होतं: कर्म, पत्रिका, वास्तू. माहीत नाही असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. ती मान खाली घालून रडली, मग डोळे पुसले आणि ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. त्या दिवसापासून ग्रेडी तिच्या घरचे झाले. भव्या त्यांना 'ओहायोचे आजोबा' म्हणायची.

हे आजोबा काही बंडखोर नव्हते. दर निवडणुकीआधी चर्चच्या बाकांवर छापील पत्रकं ठेवलेली असायची. गर्भपाताबद्दल कोणता उमेदवार काय म्हणतो, पुरुषाने पुरुषाशी लग्न करण्याबद्दल काय म्हणतो, त्याचे दोन रकाने. चर्चला उघड प्रचार करायची कायद्याने बंदी होती, म्हणून पत्रकावर 'यांना मत द्या' असं कुठे लिहिलेलं नसायचं. पण कोणता रकाना देवाचा आणि कोणता सैतानाचा, हे आंधळ्यालाही कळलं असतं. ही पत्रकं ग्रेडी स्वतः वाचून दाखवायचे. गर्भपाताविरुद्ध ते फार कडक बोलायचे. प्रतिमाच्या नणंदेचा जीव डॉक्टरांनी वेळेवर मूल पाडलं म्हणून वाचला होता. त्या प्रवचनांच्या दिवशी तिला आजोबांचा राग यायचा. पण घरच्या माणसाचा यावा तसा. दुसऱ्या सोमवारी उतरलेला असायचा.

वर्षं गेली तसा त्या चर्चचा आवाज बदलत गेला. आधी पत्रकं होती, मग प्रार्थनेत उमेदवारांची नावं येऊ लागली. डेल नावाचा गुरांच्या खाद्याचा एक व्यापारी चर्चच्या कारभाऱ्यांचा मुख्य होता, आणि देवाच्या रकान्यातल्या पक्षाचाही तोच जिल्ह्याचा मुख्य झाला. आता सूचना सांगायला तो उठला की त्या चर्चच्या आहेत की पक्षाच्या, प्रतिमाला उमजायचं नाही. मार्थासारख्या आजारी माणसांची नावं ऐकू येईनाशी झाली. करोनात ग्रेडींनी काही आठवडे चर्च बंद ठेवलं, तर निम्मे लोक त्यांना भित्रा म्हणून निघून गेले. जे परतले ते दुसरंच काही ऐकायला परतले होते.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात एका सोमवारी प्रवचनाऐवजी सभेचं ध्वनिमुद्रण आलं. राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिलेल्या उमेदवाराला डेल चर्चमध्ये आणणार होता. ग्रेडींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून, याला देवाने निवडलंय असं सांगायचं होतं. ग्रेडी नाही म्हणाले होते. आता त्यांना ठेवायचं की काढायचं, हे चर्चच्या लोकांनी हात वर करून ठरवायचं होतं.

प्रतिमा ऐकत होती, बोटं चालत होती. डेल शांतपणे बोलला. पाद्री थकलेत, काळ युद्धाचा आहे, आपल्याला लढणारा माणूस हवा. मग एक म्हातारी बाई उठली. "एल्विन, माझा नवरा गेला तेव्हा तुम्ही रात्रभर माझ्या स्वयंपाकघरात बसून होतात. मी ते विसरले नाही." ती थांबली. "पण देश वाचवायचा तर माझं मत डेलच्या बाजूने आहे."

प्रतिमाच्या तोंडून आपोआप "अय्यो" निघालं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वळून पाहिलं.

शेवटी ग्रेडी बोलले. आवाज पार बसला होता. "मी आयुष्यभर तुमच्याच पक्षाला मत दिलंय. या गावातली तुमची माणसं मी पुरलीयत, आणि खड्ड्यात उतरवताना एकाचाही पक्ष मला विचारावा लागला नाही. आज तुम्ही देवाला पक्षाचा सभासद केलंत. उद्या पक्ष हरला, तर देवाला कुठे पुरणार?"

बाकं करकरली. हात मोजले गेले. ग्रेडींना काढलं.

दुसऱ्या दिवशी तिचा वरिष्ठ मंजुनाथ टेबलापाशी आला. तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, सरळ मनाचा माणूस.

"अक्का, त्या सभेच्या कागदात स्वल्प बदल करायचाय. त्या पाद्र्याचं शेवटचं बोलणं काढायला सांगितलंय. 'पाद्र्यांनी सर्वांचे आभार मानले' एवढंच ठेवायचं."

"त्यांनी आभार मानले नाहीत, मंजू."

"ते मला ठाऊक आहे. मीही ऐकलं."

"मग?"

"मग काय अक्का? चर्च त्यांचं, भांडण त्यांचं, कागद त्यांचा. आपण कोण?"

आपण कोण? ज्या माणसाचं तोंड कधी पाहिलं नाही, ज्याला आपण या जगात आहोत हेही ठाऊक नाही, त्याच्यासाठी काय म्हणून अडून बसायचं? भव्याचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. ती "सरी" म्हणाली, म्हणजे बरं. वाक्यं निवडली आणि पुसली. त्या जागी आभाराची ओळ टाइप केली. बोटं जराही अडखळली नाहीत, आणि तेच तिला पुढे बरेच दिवस खात राहिलं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये नवा पाद्री आला. तरुण, खणखणीत आवाजाचा. त्याचा एक शब्द चुकायचा नाही. उमेदवार व्यासपीठावर उभा राहिला, डोक्यावर हात ठेवले गेले, टाळ्या थांबेनात. शरद ऋतूत तो निवडूनही आला. प्रतिमाने ते सगळं टाइप केलं.

नाताळच्या आधीच्या सोमवारी, सामुदायिक जेवणाची सूचना आणि छताच्या दुरुस्तीची सूचना यांच्या मधे एक ओळ आली. माजी पाद्री एल्विन ग्रेडी बहिणीच्या गावी वारले, अंत्यविधी तिकडेच उरकला. नव्या पाद्र्याने श्वासही न घेता छताचा विषय काढला.

त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता तिने भव्याला सांगितलं. आजोबा गेले म्हणाली, आणि मग ती वाक्यंही सांगितली, आणि ती कुणी पुसली तेही.

भव्याने तव्यावरची भाकरी उलटली. "आई, तू काढली नसतीस तर दुसऱ्या कुणी काढली असती."

"काढली असती की. पण त्या दुसरीला ते कोण होते, हे कुठे ठाऊक असतं?"

भव्याने आईच्या हातातलं पीठ घेतलं आणि उरलेल्या भाकऱ्या स्वतः थापल्या. वाकड्यातिकड्या झाल्या, दोघींनी तशाच खाल्ल्या.

जानेवारीत प्रतिमाने मंजुनाथला गाठलं. "मला पुन्हा डॉक्टरांचं काम दे. आजार, औषधं, काही चालेल."

मंजुनाथने खाली बघत मान हलवली. "डॉक्टरांचं काम कधीच मशीनवर गेलं, अक्का. आता राहिलीयत ती चर्चचीच कामं. ती तरी किती दिवस राहतील, देव जाणे."

ती जागेवर परत आली. मिलर्स फोर्डचं नवं प्रवचन येऊन पडलं होतं. विषय होता शाळांतल्या पुस्तकांचा आणि येत्या निवडणुकीचा. तिने हेडफोन कानाला लावला आणि पेडल दाबलं.