रानकांद्याला टँकरचं पाणी

सर गेले म्हटल्यावर आता हा 'ज्ञानवृक्ष उन्मळला' म्हणून गळा काढणार, असं वाटत असेल तर पान उलटा. गळे काढून झालेत, कॉलेजच्या शोकसभेत, तेही माईक लावून.

सर म्हणजे आमचे वनस्पतिशास्त्राचे टिपणीस सर, नगरचे. बातमी मला कोल्हारच्या स्टँडवर कळली. कॉलेजचा शिपाई गेनू भेटला, म्हणाला, "तुमचं सर गेलं की वो. झोपेतच." मी म्हटलं, "झोपेत? वर्गात आम्हाला कधी डुलकी काढू दिली न्हाई, आन् स्वतः..." दोघं हसलो.

गोड माणूस होते म्हणायची सोय नाही. भर उन्हाळ्यात पोरांना टेकडीवर न्यायचे, मुरमाड उतारावर, जिथं शेरडंसुद्धा थांबत नाहीत. तिथं नुसते दांडे उभे, पान एक नाही, वर मळकट फुलं. "हा आपला रानकांदा. चुरगळून वास घ्या. येतो कांद्याचा? नाही. आता हात धुवा, नाहीतर खाजवत बसाल." मग इंग्रजी पुस्तकातलं चित्र नाचवायचे. त्यात थंड मुलखातला रानकांदा. पोकळ नळीसारखी पानं, जांभळा गोंडा, नदीकाठची ओली जमीन. "तो त्यांचा, भाजीत घालून खातात. हा खाल्लात तर ओकत बसाल. याचा सगळा साठा गड्ड्यात, पान येणार पाऊस पडल्यावर. मधे पाणी पाजलंत की कुजलाच!" एकदा खडीवाले त्या उताराला सुरुंग लावायला आले, तर सर तिथं आडवे झोपले. उतार वाचला, सर वेडे ठरले. तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसले होते आमचे उपप्राचार्य.

तेच उपप्राचार्य शोकसभेत रुमाल डोळ्याला लावून म्हणतात, "सरांचं जिवंत स्मारक आपण उभारलंय!" म्हणजे काय केलं होतं, तर उतारावरचे झाडून सगळे गड्डे उपटून हॉलसमोरच्या वाफ्यात लावले होते. वर टँकर! दुष्काळाचं साल, गल्लीत हंड्यांची रांग, आणि इथं वाफ्यात चिखल. का, तर "ग्रंथात स्पष्ट लिहिलंय, या वनस्पतीला ओलावा लागतो." थोर वाचक! त्या परदेशी कांद्याचं पान वाचून यानं आमच्या मुरमातल्या गड्ड्याला आंघोळ घातली. ते कुजले असते तर संपलंच, कारण उतारावर नावालाही एक उरला नव्हता. सभेत ज्यांना हे कळत होतं ते प्राध्यापक बुटाच्या लेसकडं बघत होते. बढत्या अडल्या असत्या ना...

मी उठलो. घसा खाकरला आणि सरांच्या आवाजात, नाकातून, म्हणालो, "पाणी थांबवा महाशय. चित्र दुसऱ्याचं, झाड दुसरं. आपलं वाचन कच्चं आहे. गड्डे काढा, आजच्या आज उतारावर न्या."

मागच्या रांगेतले दोघं चक्क उभे राहिले. आणि बाहेर गेनूनं, सवयीनं, "व्हय सर," म्हणत टँकरचा कॉक बंद केला.

संध्याकाळी गेनू आणि मी पोत्यात गड्डे भरून उतारावर पुरून आलो. काही मऊ पडले होते, बरेचसे टणक होते. उपप्राचार्य मला काय काय बोलले ते सोडा, त्यांच्या बोलण्याला मी कधी हिंग लावून विचारलं नाही. झाडलं मला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं. पाय धुवून सरांच्या ओसरीवर टेकतोय तोवर बाहेर आल्या.

"सभेत यांचा आवाज काढलास म्हणे?"

"चुकलं काकू. परत न्हाई..."

"चुकलंच! 'महाशय' म्हणालास त्या माणसाला? 'वाचन कच्चं'? अरे, हे असते तर त्याच्या सात पिढ्या वाफ्यात पुरल्या असत्या. माझ्या नवऱ्याच्या तोंडून असलं मिळमिळीत बोलायला लाज नाही वाटली तुला?"