सरपंचांनी लाटलेला पापड

नव्वदच्या दशकात सोनगीरजवळच्या आमच्या खेड्यात बायकांचा बचत गट निघाला. अध्यक्ष सरपंचांची बायको, पण मिटिंगला मिशा पिळत यायचे ते सरपंचच! पहिलं कर्ज गटातल्या, एकट्या राहणाऱ्या अक्काला शेळीसाठी हवं होतं आणि या महाशयांना फटफटीसाठी.

आमची मिटिंग पापड लाटता लाटता चाले. सरपंच बायकोच्या जागेवर येऊन बसले, तसा अक्कानं त्यांच्यापुढे पोळपाट सरकवला. "बायकोनी जागावर बठनात ना भाऊ, मंग लाटा पापड!"

गावाचा कारभार हाकणाऱ्या त्या थोर हातांना एक लाटी आवरेना. दारात माणसं जमून हसायला लागली, तसे साहेब पिठाच्या हातांनीच पळाले. शेळी तिथंच मंजूर झाली.

त्यांचा तो वेडावाकडा पापड आम्ही मुद्दाम वाळवून ठेवला होता. अक्काची शेळी आली तेव्हा तिच्यापुढे धरला. शेळीनं हुंगला आणि तोंड फिरवलं.