गिरणीच्या तारेवरची टिपणं

मी दुसरी पास. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. तरी माझ्या हातच्या टिपणांच्या वह्या आज फळीवर मावत नाहीत, आणि हे मी छाती काढून सांगतो.

सुरुवात कोपरी गावातल्या पिठाच्या गिरणीत झाली. स्वातंत्र्य नुकतंच आलेलं, धान्य रेशनवर, आणि मी दळायला. प्रत्येक डब्यात चिठ्ठी असायची: नाव, आणि जाड की बारीक. दळताना ती भिंतीवरच्या तारेला टोचायची, दळून झालं की परत डब्यात. घाईत परत घालायच्या राहिलेल्या जुन्या चिठ्ठ्या तारेवरच पडून राहायच्या. त्यांची मागची बाजू कोरी बघून माझा हात स्वस्थ बसेना.

दुपारी गिरणी बंद असली की शेजारच्या न्हाव्याकडे पेपर वाचायचो, शब्दावर बोट ठेवून. संध्याकाळी देवळातलं कीर्तन, नाहीतर हॉटेलातला रेडिओ. नियम माझा मीच केला. रोज वाचलेलं एक आणि ऐकलेलं एक लिहायचंच. ऐकलेलं असेल तर कुणाकडून, तेही खाली लिहायचं. कळलं नाही ते आधी विचारायचं, मग लिहायचं. सुट्टीच्या दिवशी सगळं वहीत उतरवायचं.

एकदा पेपरात भेसळीबद्दल वाचलं. लिहिलं, "पिठात खडूची भुकटी असेल तर लिंबू पिळावे, फेस येतो." चिठ्ठी त्याच तारेला टोचली, आणि गर्दीत ती एका मास्तरांच्या घरच्या डब्यात गेली.

सकाळी मास्तरांच्या घरच्या काकू डबा घेऊन दारात उभ्या.

"शेठ, भेसळ करता ती करता, वर चिठ्ठी घालून कळवता?"

रांगेतली एक म्हणाली, "अगं बाई! तरीच माझ्या भाकऱ्या थापेनात!"

"तुला थापता कधी आल्या?" दुसरी.

गिरणीमालक शेठनी माझं अक्षर ओळखलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, गिऱ्हाइक पळालं तर मी काय दळू? लिहिणं सोड, नाहीतर गिरणी सोड."

घरात आई आणि लग्नाची बहीण. गिरणी सुटून चालणार नव्हतं. पण लिहिणं सोडू? माझं डोकं फिरलं.

"दोन्ही सोडणार नाही, शेठ. लिंबू आणतो."

समोरच्या भाजीवालीकडून लिंबू आणलं. काकूंच्याच डब्यातलं मूठभर पीठ परातीत घेतलं आणि पिळलं. सगळ्या वाकून बघतायत. फेस नाही, नुसता चिकट गोळा. मग खडू कुटून दुसऱ्या मुठीत मिसळला, वर लिंबू पिळलं. फसफसलं!

काकूंना हसू आवरेना. "मेल्या, हे पेपरातलं आहे एवढं तरी खाली लिहायचंस!"

बोलणं खरं होतं. ऐकलेलं कुणाकडून ते मी लिहायचो, वाचलेलं कुठलं ते नाही. त्या दिवसापासून तेही लिहायला लागलो, आजवर चुकलो नाही. पण खरी मोठी चूक लिहिण्यातली नव्हती, चिठ्ठी शेठच्या तारेवर ठेवण्यातली होती.

"लिही बाबा," शेठ म्हणाले, "पण माझ्या तारेला हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला माझी स्वतःची तार ठोकली. शेठ एकदा बघून परत हिशेबाला लागले. रांगेतल्या बायका मात्र डबा खाली ठेवला की आधी तिकडे बघायच्या. "आज काय लिहिलंय रे?" आणि मी गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून वाचून दाखवायचो.